‘सर, मराठीत सांगू का?’

इंजिनिअरिंगची वायवा. समोर बाहेरून आलेले परीक्षक. सर्किट मुलानं स्वतः जोडलंय आणि ते चालतंयही. पण ‘एक्स्प्लेन’ म्हटल्याबरोबर त्याच्या घशाला कोरड पडते. मग हळूच, ‘सर, मराठीत सांगू का?’ हो म्हटलं की गडी पाच मिनिटं थांबत नाही. त्याला विचारा, इंग्रजी आवडतं का? ‘आवडतं की, यायलाच पाहिजे,’ म्हणेल.

नुसतं आवडून परकी भाषा येते का, की ती कशासाठी शिकतोय यावर ठरतं, हा प्रश्न जुना आहे. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये गार्डनर आणि लँबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी फ्रेंच शिकणारी इंग्रजीभाषक शाळकरी मुलं तपासली. १९५९ साली त्यांनी मांडलं की नुसती उपजत बुद्धी पुरत नाही. ज्यांना फ्रेंच लोकांत मिसळायचंय ती मुलं नोकरीसाठी शिकणाऱ्यांपेक्षा पुढे जातात.

मुंबईत हे गणित उलटलं. यास्मिन लुकमानी यांनी शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या ६० मराठी मुलींचा अभ्यास केला (१९७२). इंग्रजी सरस होतं ते नोकरी, प्रगती असा व्यावहारिक हेतू ठेवणाऱ्या मुलींचं. मला यात नवल वाटत नाही. माँट्रियलमध्ये फ्रेंच माणूस पलीकडच्या गल्लीत भेटतो. इथे मिसळायचं कुणात? साहेब तर कधीच बोटीत बसून गेला होता.

जपानी विद्यापीठांतल्या मुलांपुढेही हीच अडचण. तोमोको याशिमा यांना २००२ मध्ये दिसलं की त्यांची ओढ इंग्रज-अमेरिकनांपेक्षा एकूणच बाहेरच्या जगाकडे असते, आणि ती असली की शिकण्याची इच्छा वाढते.

आणि ती कोरड? टेक्सास विद्यापीठात हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परक्या भाषेच्या वर्गातली ही भीती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली केली. बाकीचे माझ्यापेक्षा चांगलं बोलतात, नाव पुकारलं की थरथर होते, अशा धर्तीची विधानं. पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत असे पाच पर्याय. भीती जास्त तिथे गुण कमी, असं पुढे वारंवार आढळलं. पण भीतीमुळे भाषा अडते की भाषा कच्ची म्हणून भीती वाटते, यावर अभ्यासकांचं आजही जुंपतं.

आपला वायवावाला मुलगा संध्याकाळी होस्टेलवर केरळच्या रूममेटशी मेसच्या बिलावरून भांडत असतो. इंग्रजीतच. ‘यू ओन्ली टेल, हू एट टू एग्ज?’