औषध थांबवल्यावरचा अटॅक: आजार परतला की रिबाउंड?

मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर हल्ला करते. त्याचं औषध थांबवल्यावर अटॅक आला, म्हणजे नवी लक्षणं उद्भवली, की सरसकट ‘रिबाउंड’, म्हणजे आजार आधीपेक्षाही जोरात उसळला, असं म्हटलं जातं. बहुतेकदा तो नसतो. दाबून ठेवलेला आजार पुन्हा आपल्या जुन्या चालीवर आलेला असतो.

ओळखताना तुलना औषध चालू असतानाच्या काळाशी करू नका, ते सुरू होण्याआधीच्या काळाशी करा. आधी वर्षाला एक अटॅक यायचा, औषधावर तीन वर्षं शांत गेली, बंद केल्यावर आठ महिन्यांनी एक आला, तर आजार परतला. पण आधीच्या एमआरआयमध्ये गॅडोलिनियमने (तपासणीआधी शिरेतून देतात त्या द्रव्याने) उजळणारे, म्हणजे ताज्या सुजेचे, एक-दोनच डाग होते, आता बंद केल्यावर तिसऱ्या महिन्यात पंधरा-वीस उजळले, एखाद्याभोवती मोठी सूज आली आणि माणूस आठवड्याभरात चालेनासा झाला, तर तो रिबाउंड. म्हणूनच जुनी फिल्म जपून ठेवायची आणि औषध थांबवण्याआधी एक नवी काढायची.

हे मुख्यतः दोन औषधांचं दुखणं. फिंगोलिमॉड लिम्फोसाइट पेशी (हल्ला करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) मारत नाही, लसिकाग्रंथींत कोंडून ठेवतं. गोळी थांबली की एक-दोन महिन्यांत त्या रक्तात परततात. नॅटालिझुमॅब त्यांना मेंदूत शिरू देत नाही. शेवटच्या सलाइननंतर साधारण 12 ते 16 आठवड्यांत तो अडसर निघतो. ऑक्रेलिझुमॅब हे तिसरं औषध बी पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचा एक प्रकारच, संपवतं. त्या भरून यायला सरासरी 72 आठवडे लागतात, त्यामुळे असा लोंढा सहसा येत नाही. इंटरफेरॉन, ग्लॅटिरॅमर ही जुनी औषधं थांबवल्यावरही आजार परततो तो जुन्याच वेगाने.

खरी अडचण गरोदरपणाच्या तयारीत होते. फिंगोलिमॉड गर्भधारणेच्या 2 महिने आधी थांबवावं लागतं, आणि रिबाउंडचा धोका नेमका त्याच सुमारास वाढतो. नुसतं थांबवून वाट बघणं इथे महागात पडतं. पुढचं औषध कोणतं आणि कोणत्या तारखेला, हे शेवटच्या गोळीआधीच डॉक्टरांशी ठरलेलं हवं.

दोन्हींसारखी दिसणारी तिसरी गोष्ट म्हणजे ताप किंवा लघवीतला जंतुसंसर्ग. त्यात जुनीच लक्षणं उफाळतात, एमआरआयवर नवं काही नसतं. स्टेरॉइडची सलाइन लावण्याआधी लघवी तपासा. नॅटालिझुमॅब थांबवून सहा महिने झाले नसतील आणि बोलणं किंवा वागणं काही आठवड्यांत हळूहळू बदलत असेल, तर मेंदूतल्या जेसी विषाणूच्या संसर्गाची, पीएमएलची, शंका घ्यावी. एमआरआयसोबत पाठीतल्या पाण्याची तपासणी लागते.