नळी उघडली, मग पंपिंग कमी का?

आमच्या इमारतीतल्या एका काकांना गेल्या महिन्यात रात्री दोनच्या सुमारास छातीत दाटून आलं. ॲसिडिटी असेल म्हणून त्यांनी थंड दूध घेतलं, हॉलमध्ये येरझाऱ्या घातल्या आणि उजाडल्यावर मुलाला उठवलं. इस्पितळात पोचेपर्यंत साडेसात वाजले. ॲन्जिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, रक्त पुन्हा वाहताना मुलाला पडद्यावर दाखवलंसुद्धा. दोन दिवसांनी एकोचा रिपोर्ट आला: पंपिंग ३५ टक्के. म्हणजे हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आतलं ३५ टक्के रक्तच बाहेर ढकलत होता. निरोगी माणसात हा आकडा ५५ च्या वर असतो. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते हे काकांच्या मुलाला ठाऊक, म्हणून जिन्यातच गाठून त्याने विचारलं, "ताई, नळी तर उघडली ना? मग पंपिंग कमी कसं?"

प्रश्न अगदी नेमका आहे. हृदयविकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तुंबलेला नळ येतो. ते चित्र खोटं नाही, पण अर्धंच आहे. रक्तवाहिनी अडते हे कारण झालं. खरा घात होतो तो तिच्यावर जगणाऱ्या स्नायुपेशींमध्ये, आणि त्यातही पेशीपटलावर, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या आवरणावर.

हृदयाच्या स्नायूची एक पेशी साधारण १०० ते १५० मायक्रोमीटर लांब असते. तिला वेढणारं पटल जेमतेम ७-८ नॅनोमीटर जाडीचं. स्निग्ध पदार्थाच्या रेणूंचे दोन थर आणि त्यांत रोवलेली प्रथिनं, एवढाच त्याचा संसार. या पटलाच्या बाहेर सोडियम भरपूर, आत थोडं. पोटॅशियमचं नेमकं उलट. कॅल्शियमचा फरक तर अचाट आहे: ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात पेशीच्या आतलं मोकळं कॅल्शियम बाहेरच्याच्या सुमारे दहा हजारांश असतं. हा फरक आपोआप टिकत नाही. पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, एक रेणू खर्च करतो. हृदय दिवसाला काही किलो एटीपी बनवतं आणि वापरतं, पण साठा मात्र काही ठोक्यांपुरताच. म्हणून रक्त थांबलं की काही सेकंदांतच त्या भागाचं आकुंचन मंदावतं. ईसीजीच्या गुलाबी कागदावर एक रेघ जी वर उचललेली दिसते, तीही पटलाचीच तक्रार असते. उपाशी पेशींमधून पोटॅशियम बाहेर झिरपतं, त्यांचा विद्युतदाब उतरतो आणि शेजारच्या धडधाकट पेशींशी तो जुळेनासा होतो.

आता ज्या यंत्रणेसाठी मी हा विषय कितीही वेळा शिकवायला तयार असते, तिच्याकडे येते. पटलात आणखी एक प्रथिन असतं, सोडियम-कॅल्शियम अदलाबदल करणारं. ते तीन सोडियम आत घेतं आणि एक कॅल्शियम बाहेर काढतं. एटीपी त्याला लागतच नाही. बाहेरून आत घुसू पाहणाऱ्या सोडियमच्या जोरावर ते चालतं. पाणचक्की ओढ्याच्या धारेवर फिरते ना, तसंच. पण ओढ्याचं पाणी दुसऱ्या बाजूला तुंबलं तर? हृदयात तेच होतं. प्राणवायू संपल्यावर पेशी त्याच्याविनाच साखरेतून ऊर्जा काढू लागते आणि त्यात लॅक्टिक आम्ल तयार होतं. आत साठलेलं आम्ल बाहेर टाकण्यासाठी तिला बदल्यात सोडियम आत घ्यावं लागतं, आणि ते उपसणारा पंप तर एटीपीअभावी लुळा पडलेला. आतलं सोडियम साधारण दुपटीवर गेलं आणि सोबत पटलाचा विद्युतदाबही उतरला, की ही चक्की उलटी फिरू लागते. तीन धनभार एकीकडे आणि दोन धनभार दुसरीकडे, म्हणजे दर फेरीला एक भार जास्तीचा सरकतो. त्यामुळे दिशा ठरवण्यात एकट्या सोडियमचा नाही, विद्युतदाबाचाही वाटा असतो. मग सोडियम बाहेर जातं आणि कॅल्शियम आत ओतलं जातं. ज्या दारातून कॅल्शियम काढायचं, त्याच दारातून ते घुसतं.

कॅल्शियमचं हे दुहेरी रूप जुनं आहे. लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय खारट द्रावणात धडधडतं ठेवत होते. द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात बनलं होतं, हे त्यांच्या नंतर ध्यानात आलं. शुद्ध पाणी वापरताच ठोके मंदावून थांबले. लंडनच्या नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. १८८३ मध्ये त्यांनी हे छापलं. पुढे १९६६ मध्ये झिमरमन आणि हुल्समन यांनी उंदराच्या हृदयाला काही मिनिटं कॅल्शियमविना ठेवलं आणि मग ते परत दिलं. हृदय सावरण्याऐवजी आखडलं आणि पेशी फुटल्या. ज्याच्याविना ठोका पडत नाही, तेच अवेळी आलं की पेशी मारतं.

आपल्या देवळांच्या आवारात पिवळ्या फुलांची बिट्टी असते, तिचं विष याच सोडियम-पोटॅशियम पंपाला अडवतं, म्हणजे आतल्या सोडियमचा आणि पाठोपाठ कॅल्शियमचा हिशेब तिथेही बिघडतो. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये ज्या डिजिटॅलिस वनस्पतीचे उपयोग नोंदवले, तिचं औषधही तिथेच बसतं. मोजून दिलं तर औषध, नाहीतर ठोक्यांची लय बिघडवून जीव घेणारं. "झाडपाला आहे, अपाय नाही" म्हणणाऱ्यांना मी बिट्टीच दाखवते. आणि लिंबू, आलं, लसूण, ॲपल व्हिनेगरच्या रसाने ब्लॉकेज विरघळतं, हा मोबाइलवर फिरणारा मजकूर कृपा करून पुढे पाठवू नका. काकांकडे तो रस महिनाभर चालू होता. त्या भरवशावर त्यांनी पहाटेपर्यंत वाट पाहिली, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण वेळेचा हिशेब निष्ठुर आहे. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की स्नायू एकदम मरत नाही. मृत्यूची लाट हृदयाच्या भिंतीच्या आतल्या बाजूने निघते आणि काही तासांत बाहेरच्या बाजूकडे सरकते. पहिल्या वीसेक मिनिटांत रक्त परतलं तर पेशी वाचतात. त्यानंतर पटल ठिकठिकाणी फाटू लागतं आणि स्नायूच्या तंतूंना बांधलेलं ट्रोपोनिन रक्तात उतरतं. "ट्रोपोनिन पॉझिटिव्ह" म्हणजे पटल फाटल्याची रक्तात मिळालेली खूण.

रक्त परत येण्याच्या क्षणालाही किंमत मोजावी लागते. बाहेरचं आम्ल धुऊन जातं, आतलं आम्ल घाईने बाहेर पडतं, बदल्यात सोडियम आणि त्यापाठोपाठ कॅल्शियम घुसतं. आम्लामुळे आतापर्यंत बंद राहिलेलं मायटोकाँड्रियातलं, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातलं, एक छिद्र उघडतं, आणि एटीपी बनवणारी भट्टीच फुटते. हे छिद्र बंद ठेवणारं सायक्लोस्पोरिन हे औषध उंदरांत छान चाललं. २०१५ मध्ये ९७० रुग्णांवरच्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. वर्तमानपत्रात "हृदयासाठी नवं संजीवनी औषध" अशी बातमी वाचताना आधी पाहा, प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर. आणि यावरून नळी उघडूच नये असं कुणी समजू नये. न उघडल्यास मरणाऱ्या पेशी कितीतरी जास्त असतात.

मेलेल्या पेशींची जागा व्रण घेतो. नव्या पेशी फारशा येत नाहीत. अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ वरून २००९ मध्ये पेशींचं वय काढलं गेलं: पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहून कमी. जगलेल्या पेशींवर सगळा भार पडतो. त्या ताणल्या जातात, आणि पटलाच्या ज्या बारीक नळ्या पेशीत खोलवर जाऊन ठोक्याचा इशारा पोचवतात, त्यांची शिस्त हळूहळू विस्कटते. मग पेशीचा एक भाग आकुंचतो तेव्हा दुसरा मागे राहतो. हृदय अशक्त होतं ते असंही.

पण जिन्यातल्या त्या मुलाला मी आणखी एक गोष्ट सांगितली. काही पेशी मेलेल्या नसतात, बधिर झालेल्या असतात. पटल शाबूत, रक्तही पोचतंय, पण कॅल्शियमची घडी अजून बसलेली नाही. त्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा कामाला लागू शकतात. म्हणूनच दुसऱ्या दिवशीच्या एकोवर डॉक्टर पुढचे मोठे निर्णय घेत नाहीत, निदान चाळीस दिवस थांबतात. काकांचा पुढचा एको येत्या महिन्यात आहे. तोवर गोळ्या चुकवायच्या नाहीत, एवढं त्याने पाकिटाच्या मागे लिहून घेतलं.