2147483647: मूळ संख्या ते संगणकाची मर्यादा

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. घातांकात लिहिली की हीच संख्या 2³¹ − 1 अशी आटोपशीर होते, आणि तिचा इतिहास या रूपापासूनच सुरू होतो.

बोलोन्याचे गणिती पिएत्रो कातालदी यांनी 1603 मध्ये 2ⁿ − 1 या घडणीच्या मूळ संख्यांची यादी दिली. त्यांचे घातांक 17 आणि 19 बरोबर होते. 23, 29, 31, 37 हे मात्र त्यांनी ठोकूनच दिले. यातल्या 23 आणि 37 यांना फर्मा यांनी 1640 मध्ये बाद केले, पुढे ऑयलर यांनी 29 ला. उरला 31. दरम्यान 1644 मध्ये फ्रेंच विद्वान मारँ मर्सेन यांनी 257 पर्यंतच्या घातांकांची स्वतःची यादी छापली. तीत 31 होता. पण 67 आणि 257 चुकून आले होते, 61, 89, 107 सुटले होते. तरी या संख्यांना नाव मर्सेन यांचेच मिळाले!

ऑयलर यांनी 1772 मध्ये बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात 31 चा निकाल लावला. संख्येचे वर्गमूळ 46,340 च्या किंचित पुढे जाते. तिथवरच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचे तर पावणेपाच हजारांहून अधिक भागाकार होतात. ऑयलर यांनी विभाजक कसा असू शकतो तेच आधी ठरवले: त्याला 62 ने भागल्यास बाकी 1 उरली पाहिजे, आणि 8 ने भागल्यास 1 किंवा 7. दोन्ही अटी जुळवल्या की 248 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 63 येते. अशा मूळ संख्या त्या मर्यादेत फक्त 84 निघतात. एकीनेही निःशेष भाग गेला नाही. दृष्टी जवळपास गेलेल्या माणसाचे हे काम आहे.

युक्लिडच्या नियमाने यातून 2³⁰ × (2³¹ − 1), म्हणजे 2305843008139952128 ही आठवी परिपूर्ण संख्या (स्वतःहून लहान सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असलेली संख्या) मिळाली. याहून मोठी परिपूर्ण संख्या कुणी शोधणार नाही, असे पीटर बार्लो यांनी 1811 मध्ये लिहून टाकले. लुकास यांनी 1876 मध्ये 2¹²⁷ − 1 मूळ असल्याचे दाखवले आणि त्यातून याहून मोठी परिपूर्ण संख्या आपोआपच हाती आली. आणखी एक विशेष: इथला घातांक 31 स्वतःच 2⁵ − 1 आहे, म्हणून ही दुहेरी मर्सेन मूळ संख्याही ठरते.

आज ती ओळखली जाते ती संगणकामुळे. 32 बिटांपैकी (बिट म्हणजे 0 किंवा 1 ची एक जागा) एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी राखला की उरलेल्या 31 मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. 1 जानेवारी 1970 पासून सेकंद मोजणारी 32 बिटांची घड्याळे म्हणूनच 19 जानेवारी 2038 रोजी, जागतिक प्रमाणवेळेनुसार 3 वाजून 14 मिनिटे 7 सेकंदांनी, भरून जातील. तिच्या मूळ असण्याशी याचा काडीचाही संबंध नाही. 64 बिटांसाठीची तशीच मर्यादा 2⁶³ − 1 आहे, आणि तिला 7 ने निःशेष भाग जातो.