हरिकेन-हानीचा आर्थिक अंदाज

हरिकेन-हानीचा आर्थिक अंदाज : अटलांटिक महासागरात उठणारे तीव्र चक्रीवादळ (हरिकेन) किनाऱ्याला धडकल्यास घरे, रस्ते, शेती आणि व्यवसाय यांचे किती पैशांचे नुकसान होईल, किंवा झाले, हे ठरवण्याची पद्धत. वादळाआधीच्या अंदाजावर विम्याचे हप्ते आणि राखीव निधी ठरतात, तर वादळानंतरच्या अंदाजावर मदत आणि पुनर्बांधणी.

१९८० च्या दशकापर्यंत अमेरिकी विमा कंपन्या मुख्यतः मागच्या काही दशकांतील दाव्यांची सरासरी काढून पुढचा अंदाज बांधत. त्यात मोठी चूक होती. फ्लोरिडाची लोकसंख्या १९५० मध्ये सुमारे २८ लाख होती, १९९० मध्ये ती सुमारे १ कोटी २९ लाख झाली. समुद्रकाठी वसाहती उभ्या राहत होत्या, आणि त्याच काळात, विशेषतः १९६५ नंतर, दक्षिण फ्लोरिडाला मोठे वादळ फारसे भिडले नाही. शांत वर्षांचे दावे पाहून काढलेली सरासरी अर्थातच लहान निघे. १९८७ मध्ये कॅरन क्लार्क यांनी वेगळी वाट धरली. मागच्या वादळांच्या नोंदींवरून संगणकात हजारो काल्पनिक वादळे निर्माण करायची आणि ती आजच्या वस्तीवर सोडून पाहायची, अशी ही पद्धत. विमा व्यवसायात तिच्याकडे संशयाने पाहिले जाई.

२४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू हे वादळ मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडजवळ धडकले. विम्याची हानी १,३०० कोटी डॉलरांच्या वर जाऊ शकेल, असा अंदाज क्लार्क यांच्या कंपनीने लगेच दिला. तो अनेकांना अवास्तव वाटला. प्रत्यक्षात दाव्यांचा आकडा सुमारे १,५५० कोटी डॉलरांवर गेला आणि ११ विमा कंपन्या बुडाल्या. त्यानंतर फ्लोरिडाने १९९३ मध्ये स्वतःचा हरिकेन निधी उभा केला आणि १९९५ मध्ये अशी प्रतिमाने (संगणकावर हानीचा अंदाज काढणारी मॉडेले) तपासणारा आयोग नेमला.

प्रतिमानात आधी वादळाचा मार्ग, वेग आणि पसारा धरतात. मग कोणत्या घराला किती वारा लागेल ते काढतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. नुकसान मात्र त्याहूनही झपाट्याने चढते, कारण घर टप्प्याटप्प्याने हार मानते. आधी छपरावरचे आवरण उडते. मग खिडकी किंवा गॅरेजचे दार फुटते, वारा आत शिरून छप्पर खालून उचलतो आणि मागोमाग पाऊस सगळे सामान भिजवतो. अँड्र्यूच्या पाहणीत हे घरोघरी दिसले. त्यामुळे छप्पर भिंतीला लोखंडी पट्टीने जखडले आहे की नुसत्या खिळ्यांनी, ही किरकोळ वाटणारी माहिती अंदाजात फार मोलाची ठरते. शेवटी दुरुस्तीच्या खर्चाला विम्याच्या अटी लावून रक्कम निघते. मोठ्या वादळानंतर सुतार, पत्रे, लाकूड सगळेच महागते, तीही वाढ धरावी लागते. उत्तर एका आकड्यात न देता ‘दरवर्षी एक टक्का शक्यता असलेली हानी’ अशा रूपात देतात. याला शंभर वर्षांतून एकदाची हानी म्हणण्याची रूढी आहे. पण एकदा झाली की शंभर वर्षे सुटका, असा तिचा अर्थ मुळीच नाही.

सर्वांत अवघड हिशेब पाण्याचा. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात वारा येतो, पूर येत नाही. पुरासाठी १९६८ पासून वेगळी केंद्रीय योजना आहे. २००५ च्या कॅटरिना वादळात मिसिसिपीच्या किनाऱ्यावर कित्येक घरांचा नुसता चौथरा उरला. घर आधी वाऱ्याने पाडले की समुद्राच्या उधाणाने, यावर वर्षानुवर्षे खटले चालले. कॅटरिनाची एकूण हानी सुमारे १२,५०० कोटी डॉलर धरली जाते. २०१७ मध्ये टेक्सासवर आलेल्या हार्वीचा आकडाही तेवढाच आहे, पण तिथे बहुतेक नुकसान पावसाच्या पुराने केले.

डॉलरांत मोजताना महागड्या बंगल्याचे उडालेले छप्पर मोठे दिसते आणि विमा नसलेल्या कुटुंबाचे पूर्ण उद्ध्वस्त झालेले फिरते घर (एका जागेहून दुसरीकडे हलवता येणारे तयार घर) लहान. हा दोष पद्धतीतच आहे, म्हणून नुसत्या एकूण रकमेवरून दोन वादळांची तुलना करू नये.

कोकणात विमा विरळ असल्याने हानी ठरते ती मुख्यतः पंचनाम्यावर. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन परिसरातील नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा हेक्टरी दराची मदत काही गुंठ्यांच्या वाडीला तोकडी पडली आणि झाडांच्या संख्येवर भरपाई देण्याची मागणी पुढे आली. एकाच वाडीत नारळाखाली सुपारी, सुपारीवर मिरीचा वेल आणि मध्ये जायफळ असते. नवी सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात. तेवढ्या वर्षांच्या बुडालेल्या उत्पन्नासाठी पंचनाम्यात रकाना नसतो.