सूत जेव्हा आम्ल होते

सोलापुरात चादरी-टॉवेलांचे सूत रंगवणाऱ्या माणसाला रिऍक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंधाने जुळणारा रंग) पक्का करायला सोडा लागतो, हे सांगावे लागत नाही. सोडा म्हणजे सोडा ऍश, सोडियम कार्बोनेट. तो आम्लारिधर्मी का, असे विचारले की शाळेतली व्याख्या आठवते: पाण्यात हायड्रोजन आयन देते ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन देते ते आम्लारी. पण सोडियम कार्बोनेटमध्ये सोडियम, कार्बन आणि ऑक्सिजन एवढेच असते. हायड्रॉक्साइड त्यात नाहीच! मग लाल लिटमस निळा होतो तो कशाने?

शाळेतली ती व्याख्या स्वांटे अऱ्हेनिअस यांची, 1880 च्या दशकातली. 1923 साली डेन्मार्कचे ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडचे लाउरी यांनी स्वतंत्रपणे तिला व्यापक केले. प्रोटॉन, म्हणजेच हायड्रोजन आयन, देते ते आम्ल, प्रोटॉन घेते ते आम्लारी. कार्बोनेट आयन पाण्याच्या रेणूकडून एक प्रोटॉन ओढून घेतो आणि बायकार्बोनेट होतो. प्रोटॉन गमावलेला पाण्याचा रेणू हायड्रॉक्साइड म्हणून मागे उरतो. म्हणजे हायड्रॉक्साइड सोड्यातून आलेच नाही, ते पाण्यातून आले! इथे पाणी आम्ल ठरले. तेच पाणी हायड्रोक्लोरिक आम्लाकडून प्रोटॉन घेते तेव्हा ते आम्लारी असते. समोर कोण आहे, त्यावर भूमिका ठरते.

ही देवघेव कुठवर गेली ते सामू, म्हणजे pH, सांगतो. 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सेन यांनी हे माप आणले. त्यात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. 25 अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा सामू 7 असतो. तो 11 झाला की हायड्रॉक्साइड दहा हजार पटींनी वाढलेले असते. ‘अल्कलाइन’ पाण्याने शरीराचा सामू सुधारतो म्हणत बाटली विकणारे पुढचे सांगत नाहीत. ते पाणी आधी जठरातल्या तीव्र आम्लात पडते, आणि रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 मध्ये राखायला फुप्फुसे व मूत्रपिंडे समर्थ आहेत. ते पैसे वाचवावेत.

आता सुताकडे, कारण खरी गंमत तिथे आहे. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि त्याच्या लांबलचक साखळीवर जागोजाग हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात. हे गट अतिशय क्षीण आम्ल आहेत. सामू 7 ला त्यांच्यातला जवळजवळ कोणीच प्रोटॉन सोडत नाही, म्हणून रंग धाग्यात शिरला तरी त्याला बांधला जात नाही. सामू एका अंकाने चढला की प्रोटॉन सोडलेल्या गटांची संख्या साधारण दहापट होते. 11 च्या आसपास ती कामापुरती होते. प्रोटॉन गेल्यावर ऋणभारित झालेला तो ऑक्सिजन रंगाच्या रेणूतल्या क्रियाशील जागेवर चाल करतो आणि तिथे सहसंयुज बंध जुळतो. रंग आता धाग्याच्या रेणूचाच भाग असतो, म्हणून साध्या धुण्याने निघत नाही. ब्रिटनच्या आयसीआय या रसायन कंपनीतल्या रॅटी आणि स्टीफन यांनी हे साधले आणि 1956 मध्ये प्रोसिऑन नावाचे रिऍक्टिव्ह रंग बाजारात आले.

म्हणूनच नेहमीच्या पद्धतीत आधी मीठ आणि नंतर सोडा पडतो. पाण्यात धाग्याचा पृष्ठभागही किंचित ऋणभारित आणि रंगही ऋणभारित, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. मिठाने तो दुरावा कमी होतो आणि रंग धाग्यात पसरतो. मग सोडा टाकायचा. घाई केली तर रंग सगळीकडे पोहोचायच्या आत जिथल्या तिथे बांधला जातो आणि सूत डागाळते.

या रसायनाची एक खोड मात्र आहे. सोड्याने तयार झालेले हायड्रॉक्साइडही त्याच क्रियाशील जागेवर चाल करते. ज्या रेणूंना ते आधी गाठते, ते सुताशी कधीच जुळू शकत नाहीत. त्यासाठीच रंगवलेले सूत साबणाच्या गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुवावे लागते, आणि न जुळलेला रंग सांडपाण्यात उतरतो. त्या पाण्यात आम्ल घालून सामू 7 वर आणता येतो. रंग आणि मीठ मात्र त्याने जात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी प्रक्रिया करावीच लागते.