ख्रिस्ती सांत्वनाची पार्श्वभूमी : अश्रूंना मुभा, आशेला जागा

मराठी ख्रिस्ती घरात कुणी गेले की निधनाच्या बातमीत किंवा थडग्याच्या दगडावर ‘ख्रिस्तवासी’ हा शब्द येतो, किंवा ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ असे लिहिले जाते. पहिला शब्द ‘कैलासवासी’च्या वळणावर घडलेला, अस्सल मराठी मातीतला आहे, दुसरा शब्दप्रयोग मात्र जवळजवळ दोन हजार वर्षांचा आहे. दफनभूमीसाठी सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी जो ग्रीक शब्द वापरला, त्याचा मूळ अर्थच ‘झोपण्याची जागा’ असा होता. झोपलेला माणूस उठणार आहे, हा विश्वास त्या एका शब्दात साठवलेला होता.

हा विश्वास शब्दांत मांडण्याची गरज पडली ती एका खऱ्याखुऱ्या दुःखामुळे. इसवी सन ५०च्या सुमारास ग्रीसमधील थेस्सलनीका येथील नव्या ख्रिस्ती मंडळीतील काही माणसे मरण पावली आणि प्रभू येशू परत येण्याआधीच गेलेल्या या आप्तांचे काय होणार, या चिंतेने मागे राहिलेले व्याकूळ झाले. त्यांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल शोक करू नका असे सांगत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, एवढेच तो सांगतो. पुढच्या ख्रिस्ती सांत्वनाचा सगळा इतिहास या दोन वाक्यांमधल्या फरकावर उभा आहे, असे मला वाटते. योहानाच्या शुभवर्तमानात मरण पावलेल्या लाजर या मित्राला आता आपण उठवणारच आहोत हे ठाऊक असूनही येशू त्याच्या बहिणींच्या दुःखात रडतो. मराठी बायबलमध्ये ते वाक्य फक्त दोन शब्दांचे आहे : ‘येशू रडला.’

तरीही अश्रूंविषयी अवघडलेपण राहिलेच. २५२च्या सुमारास रोगाची साथ पसरली असताना उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा बिशप सिप्रियन याने, ज्यांनी स्वर्गात शुभ्र वस्त्रे परिधान केली आहेत त्यांच्यासाठी आपण इथे काळे कपडे घालू नयेत, असे लिहिले. याच शिकवणीच्या छायेत वाढलेल्या, पुढे थोर धर्मपंडित ठरलेल्या ऑगस्टीनची आई मोनिका ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात वारली. तेव्हा तिला ५६वे वर्ष चालू होते. आफ्रिकेत पतीशेजारी पुरले जावे ही तिची जुनी इच्छा होती, पण शेवटच्या दिवसांत तिने ती सोडून दिली. देह कुठेही ठेवा, प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, इतकेच तिने मुलांना सांगितले. ऑगस्टीनने तिचे डोळे मिटले. त्याचा किशोरवयीन मुलगा हुंदके देऊ लागला, तेव्हा त्याला गप्प करण्यात आले. कुणीतरी स्तोत्रसंहिता हाती घेतली आणि घर गाऊ लागले. ऑगस्टीन दफनाला गेला आणि न रडता परतला. मन हलके होईल म्हणून त्याने स्नान केले, पण दुःख धुतले गेले नाही. मग तो झोपला. जागा झाल्यावर बिशप अँब्रोजचे एक स्तोत्र त्याला आठवले आणि कोंडलेले अश्रू वाहू लागले. त्याने स्वतःच हे सारे लिहून ठेवले आहे आणि आईसाठी थोडा वेळ रडलो म्हणून कुणी हसू नये, अशी विनंतीही केली आहे. एवढ्या मोठ्या धर्मपंडिताने ही कबुली दिली, हे शोक करणाऱ्या प्रत्येकावर उपकार आहेत.

मोनिकेची वेदीपाशी आठवण करण्याची विनंती पुढे चर्चचा रिवाज झाली. ९९८च्या सुमारास फ्रान्समधील क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याने सर्व मृतांच्या स्मरणासाठी २ नोव्हेंबर हा दिवस नेमला. वसईत आणि गोव्यात आजही त्या दिवशी मिस्सा होते आणि थडग्यांवर मेणबत्त्या लावल्या जातात. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांनी मृतांसाठीच्या प्रार्थना हळूहळू सोडल्या. पण १५४२ मध्ये १३ वर्षांची मुलगी माग्दालेना गेली, तेव्हा तिचा चेहरा आणि तिचे बोलणे काळजात इतके खोल रुतले आहे की ख्रिस्ताच्या मरणाचा विचारही ते दुःख पूर्णपणे पुसू शकत नाही, असे खुद्द ल्यूथरने मित्राला कळवले.

महाराष्ट्रात हा वारसा पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसतो. दुष्काळात आईवडील, १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती गेल्यानंतर, १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. एकुलती एक मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. लाजराच्या थडग्यापाशी वाहिलेले अश्रू आणि थेस्सलनीकाकरांना दिलेला धीर, दोन्ही त्यात एका अशा बाईच्या मराठीत आहेत, जिने जवळची जवळजवळ सगळी माणसे गमावली होती.