स्टेअरिंग कॉलमची तपासणी

स्टेअरिंग व्हीलपासून खाली रॅक (चाकं वळवणारा दातेरी दांडा) किंवा स्टेअरिंगच्या गिअरबॉक्सपर्यंतचा शाफ्ट, त्याच्यावरची नळी, बेअरिंग, डॅशखालचं ब्रॅकेट आणि क्रॉस (शाफ्टचा कोनात फिरणारा सांधा) या सगळ्याची झीज नि मार बघायचं काम. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या गॅरेजात गाडी बहुतेक ‘खटखट वाजतंय’ म्हणूनच येते, मग एकजण व्हील थोडं थोडं डावं-उजवं हलवतो आणि दुसरा क्रॉसवर हात ठेवून प्ले, म्हणजे ढिलेपणा, कुठं आहे ते बघतो. व्हील वर-खाली ओढून हललं तर संशय बेअरिंगवर किंवा ब्रॅकेटच्या बोल्टवर. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ९८ प्रमाणे व्हीलवर ३० अंशांपर्यंत प्ले चालतो, पण रॅकवाल्या कारला एवढा प्ले असला तर ती गाडी चालवूच नये.

धडकेत आत दबणारा कॉलम पहिल्यांदा कुणी केला यावर एकमत नाही. मर्सिडीजचे अभियंते बेला बॅरेनी यांचं सेफ्टी कॉलमचं पेटंट १९६३ च्या सुमारास धरतात, तर अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं (जीएम) १९६७ च्या मॉडेलांत जाळीसारखी कापलेली, दाबली की चुरगळणारी नळी सरसकट घातली, आणि १९६८ पासून अमेरिकेत असल्या कॉलमचा नियमच झाला. पेटंट बघणारे बॅरेनींचं नाव घेतात, रस्त्यावरच्या गाड्या मोजणारे जीएमचं. कल्पनेचं श्रेय बॅरेनींना द्यायला हरकत नसावी, पण ती घरोघरच्या गाडीत आणली जीएमनं. तपासणीत याचा संबंध असा की ठोकलेल्या गाडीत ब्रॅकेटजवळच्या, धडकेत सटकून कॉलम सुटू देणाऱ्या कॅप्सूल जागेवर आहेत का, नळी आखूड झाली का, हे बघावंच लागतं आणि दबलेला कॉलम ओढून, वेल्डिंग मारून परत बसवणं म्हणजे शुद्ध येडेपणा, तो बदलायचाच.

एअरबॅगच्या गाडीत व्हील काढायच्या आधी बॅटरी सोडून थोडं थांबतात, आणि क्लॉकस्प्रिंग (व्हीलखालची, एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी) मोकळी फिरू देत नाहीत, नाहीतर पट्टी तुटून एअरबॅगचा दिवा लागून राहतो.

इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगची मोटर नि टॉर्क सेन्सर (व्हीलवर किती जोर लागतोय ते मोजणारा) बऱ्याच छोट्या गाड्यांत कॉलमवरच असतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तसं गाडीत डॅशपर्यंत चढलं, तर कनेक्टर हिरवे पडतात, क्रॉसची सुई-बेअरिंग गंजून स्टेअरिंग एका जागी जड, दुसऱ्या जागी हलकं लागतं. सेकंडहँड गाडी घेताना वरचं पॉलिश न बघता पेडलच्या वर टॉर्च मारून गंज बघावा.